गुत्त्यावरचा राजा

राजाचा झगा अंगावर चढवून गुत्त्यात जाऊन बसायचं म्हणजे काय! अर्सुला पिनॉकच्या अंगाची नुसती लाही होत होती. नवऱ्यामागं नदीकाठच्या बँकसाइडचं हे नाटकघर तिनं एकटीनं चालवलं, पण असला माज एकाही नटानं केला नव्हता. आणि केला कुणी, तर डोक्यावर चढवून ठेवलेल्या जावयानं!

छपरावर आजच्या खेळाचं निशाण चढलं होतं. पटांगण भरत आलं होतं. आणि दारात कॉन्स्टेबल टल येऊन उभा.

"बाई, कोपऱ्यावरच्या गुत्त्यात एक जण मखमल लेवून बसलाय. कायद्यानं मखमल सरदारांनीच घालायची. नटानं घालायची ती फक्त खेळात. तुमचाच ना तो?"

हो म्हणावं, तर नाटकघराला कुलूप. शहरातले कारभारी निमित्तालाच टपलेले. नाही म्हणावं, तर बिनधन्याचा भटक्या म्हणून जावयाच्या, अँब्रोजच्या पाठीवर चाबूक, आणि लेकीचा संसार उघड्यावर.

"माझाच," ती म्हणाली. "खेळाची दवंडी द्यायला धाडलाय."

टल हसला. "बसून? मग ढोल कुठाय?"

"येतोय. दम धरा की जरा."

ढोलवाल्या डिकनला तिनं दंडाला धरून रस्त्यावर ओढलं. "वाजव! मी सांगेपर्यंत थांबायचं नाही."

ढोल पुढं, ती मागं, टल तिच्या पाठोपाठ. गुत्त्यात अँब्रोज पेला उंचावून गप्पा झोडत होता. सासूला पाहिलं आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. आता हा एक शब्द जरी वेडावाकडा बोलला, तरी सगळं संपलं. अर्सुलानं भर गर्दीत कमरेत वाकून मुजरा केला.

"महाराज, प्रजा खोळंबलीय."

अँब्रोजनं तिच्याकडं पाहिलं. मग टलकडं. पेला सावकाश खाली ठेवला.

"चला रे!" तो गरजला. "आज दुपारी माझा मुकुट जाणार आहे. बघायला कोण कोण येतंय?"

गुत्ता हसला आणि ढोलामागं निघाला. टल गुरगुरला, "या खेपेला सोडतो."

"सोडताय कसले? आत या, चांगली जागा देते."

पडद्यामागं येताच अँब्रोज दात काढून म्हणाला, "सासूबाई, निभावलं की नाही?"

"निभावलंस. म्हणून आजचा राजा तूच. उद्यापासून तू भालदार. भाला धरून कोपऱ्यात उभं राहायचं, तोंडातून शब्द काढायचा नाही, आणि हा झगा दुसऱ्याच्या अंगावर बघायचा. कळलं, जावईबापू?"