पुढे वळणारा पडदा

कोर्टात कोणाला बोलू न देणाऱ्या आमच्या वकील वहिनी कायद्याचे व्हिडिओ करायचे म्हणून मला घेऊन कॅमेरा घ्यायला गेल्या आणि दुकानातच मुक्या झाल्या. दुकानदाराने दाखवलेल्या कॅमेऱ्याचा पडदा पुढे वळत होता. त्यात स्वतःला पाहिलं की वहिनी कलम विसरून केस सावरत.

"नकोच ते व्हिडिओ. जमायचं नाही मला," त्या पडेल आवाजात म्हणाल्या.

मी पडदा मिटला आणि कॅमेऱ्यामागे उभी राहिले. "आता माझ्याकडे बघा. घरमालकाने भाडेकरूला एकाएकी बाहेर काढलं, तर त्याने काय करायचं?"

वहिनी ज्या सुटल्या, त्या थेट दुकानदाराने घड्याळ पाहीपर्यंत.

"न वळणाऱ्या पडद्याचा द्या," त्या हसून म्हणाल्या. "मी कशी दिसते ते बघणारे बघतील."

आम्ही दोघींनी सुटकेचा निःश्वास टाकला. दुकानदाराचा जरा मोठा होता.