कुंकू लागलेला मीटर

आखातातल्या अल मुंतझा वस्तीतल्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात सकाळचा उजेड कधीच घाईने येत नसे. आधी खिडकीच्या काचेवर साचलेली बारीक वाळू तांबूस होई. मग समोरच्या गच्चीवरील पाण्याच्या टाक्यांमधून एक अरुंद पट्टा आत शिरे, ओट्यावरच्या स्टीलच्या डब्यांवर क्षणभर रेंगाळे, भिंतीवरून सावकाश सरके आणि शेवटी कपाटावर, माझ्या काचेपाशी येऊन थांबे. आता मी सिमेंटने भरलेल्या पिंपात आहे. इथे सकाळ होत नाही.

मित्रांनो, मी लष्करी ट्रकमधील तेलाचा दाब दाखवणारा जुना मीटर आहे. माझे आकडे रेडियमच्या रंगाने रंगवले होते. दिवे मालवून ट्रक निघाले, तरी चालकाला ते वाचता येत. तेव्हा माझे फार कौतुक होई. पुढे माझी चमक विझली आणि त्या परदेशी लष्कराने मला ट्रकसकट भंगारात काढले. त्या दिवशी मी माणसांवर डूख धरला.

तो डूख विसरायला लावला सदानंदने. दुखानच्या तेलक्षेत्रात तो मीटर दुरुस्त करतो. भंगारातून त्याने मला उचलले आणि घरी आणले. दर खंडेनवमीला तो आपले पाने, पकडी चौरंगावर मांडी. मधली मानाची जागा माझी असे.

यंदा त्याने माझी काच उघडली.

"सरोज, कुंकू काचेला कशाला? खुद्द आकड्यांना लाव."

त्याच्या पत्नीने, सरोजने, ओल्या फडक्याने माझे आकडे पुसले आणि अनामिकेने मला कुंकू लावले. इतक्या वर्षांत मला कुणाच्या बोटाची ऊब कळली नव्हती. तेच फडके घेऊन आठ वर्षांच्या चैत्रालीने आपली कंपासपेटी पुसली.

"बाबा, माय कंपास टू," असे म्हणत तिने ती माझ्याशेजारी ठेवली. मग सगळ्यांनी प्रसादाचा शिरा खाल्ला.

इतक्यात शेजारचा मुदस्सिर आला. तो मूळचा रत्नागिरीचा. कंपनीत किरणोत्सर्ग मोजण्याचे काम करतो. त्याचे यंत्रही पूजेला ठेवायचे, असा सदानंदचा आग्रह होता.

"ये, ये. तुझ्या वाटणीचे काजू वहिनीने लपवून ठेवलेत."

मुदस्सिरने हसत यंत्र सुरू करून चौरंगावर ठेवले, आणि ते तडतडू लागले. त्याचे हसू मावळले.

"वहिनी, शिरा राहू दे. आधी सगळे मागे सरा."

"अरे, त्याची चमक कधीच गेली. मेलेला मीटर आहे तो," सदानंद म्हणाला.

"चमक मेली, सदाभाऊ. रेडियम जित्तं आहे."

संध्याकाळच्या आत मी शिशाच्या डब्यात होतो; पुढे तो डबा ह्या सिमेंटच्या पिंपात गेला. ज्या देशाने मला घडवले, तिथे लष्कराचा असा कचरा शेकडो मीटर खोल, मिठाच्या थरांत पुरतात म्हणे. मी आता तिकडे नेणाऱ्या जहाजाची वाट पाहतो आहे. सोळाशे वर्षांनी माझे रेडियम निम्मे होईल. उरलेल्या निम्म्यानेही मी मुदस्सिरचा द्वेष करीन, अशी मी शपथ घेतली आहे. जिथे माझी पूजा होत होती, त्या एकमेव घरातून त्याने मला उपटून काढले.

मित्रांनो, जुन्या वस्तूंवर माया करा, असे मी तुम्हाला सांगणार होतो. पण आधी त्या कशाच्या बनल्या आहेत, ते जाणत्या माणसाला विचारा.

कारण एक गोष्ट मी वगळली. शिशाच्या डब्याचे झाकण लागल्यावरही ते यंत्र तडतडायचे थांबले नव्हते. मुदस्सिरने ते कंपासपेटीवरून फिरवले, मग सरोजच्या अनामिकेवरून, मग चैत्रालीच्या बोटांवरून.

"बेटा, ह्या हातानं काय खाल्लंस?"

"शिरा, अंकल."

त्याचे यंत्र बिघडलेले होते, असे मी तेव्हापासून स्वतःला बजावत आलो आहे.

ते बिघडलेले नव्हते.