धरणाच्या पोटात पेटलेला गुलाल

माजलगावच्या धरणाचं पाणी मे महिन्यात मागं सरकलं की उरलेला गाळ वाळून असा सपाट होतो, की या काठावरच्या मुंगीला त्या काठावरची मुंगी दिसते. त्या एकमेकींना ओळख देतात, हे मी स्वतः पाहिलेलं आहे. याच मैदानावर आमच्या भागातले पुढारी मोहनरावांनी जीपगाड्यांची शर्यत भरवली आणि माईक माझ्या हातात दिला. मी धर्मराज. शंकरपटावर बैलजोड्या पळतात तेव्हा माईकवर त्यांचं वर्णन करण्यात माझा जन्म गेला. मी बोललो की हरलेला बैलसुद्धा मान वर करून घरी जातो. नाव आईबापांनी ठेवलंय, त्यावरून माझ्या बोलण्याचा कुणी अंदाज बांधू नये.

त्या दिवशी निम्मा जिल्हा धरणाच्या पोटात उतरला होता आणि उरलेला निम्मा वाटेत गाड्या अडकल्या म्हणून शिव्या देत होता. टप आणि दारं काढलेल्या जीपा, आत लोखंडी पाइपांचा पिंजरा, सायलेन्सरची नळी बोनेटच्या बाजूनं वर काढलेली. पाय दाबला की नळीतून जाळच बाहेर पडायचा. मोहनरावांचा एकुलता एक विजयसिंह शर्यतीत होता. त्याची जीप सकाळी पहिल्यांदा सुरू झाली तेव्हा नदीपलीकडं पाथरीच्या म्हशींनी धारच दिली नाही. पाथरीचे लोक हे मान्य करणार नाहीत, पण ते माझं काहीच मान्य करत नाहीत.

सगळ्यांच्या डोक्याला ताप होती ती सुरेखा. शिरूर कासारची, ऊसतोड करणाऱ्यांची लेक. मोठ्या शहरांत गाड्यांच्या शर्यती होतात, तिथं ती मार्शल म्हणून जायची. म्हणजे कडेला झेंडा आणि आग विझवायचा सिलिंडर घेऊन उभं राहायचं, आणि गाडी उलटली की सगळे पळतात त्याच्या उलट दिशेला पळायचं. परवानगीसाठी असं माणूस लागतं म्हणून मोहनरावांनीच तिला बोलावलं. तिनं आल्या आल्या वळणांवर जुन्या टायरांच्या भिंती रचायला लावल्या, अॅम्ब्युलन्स इंजिन चालू ठेवून उभी केली आणि माणसं अडवायचा दोर इतका मागं बांधला की मोहनराव चिडले.

"पोरी, लोक दुर्बिणी घेऊन आलेत का?"

"काका, गाडी पेटली तर आतल्या माणसाला काढायला मोजके श्वास मिळतात. तेवढ्यात माझ्या वाटेत एकजण जरी आला तर मी पोचत न्हाई. आन् तुमी पटाची माणसं. जोडी निशाणापार गेली की सगळं रान तिच्यामागं पळतं."

"पळणारच. जिंकलेल्याला खांद्यावर कोण घ्यायचं?"

"जीपला खांद्यावर घेणार हायत का?"

आजूबाजूचे हसले. मोहनरावांना हसणं आवडत नाही, निदान दुसऱ्याचं. तेवढ्यात सुरेखाचं लक्ष शेवटच्या रेषेजवळ उभ्या जेसीबीकडं गेलं. पुढचा खोरा गुलालानं काठोकाठ भरलेला. वर केबिनमध्ये मोहनरावांचा जुना गडी गहिनीनाथ, दाढीपर्यंत गुलाबी.

"आन् हे कावून आणलंय?"

"पोरगं जिंकल्यावर काय हळद उधळू?"

"काका, गुलाल म्हंजे रंगवलेलं मक्याचं पीठ. हवेत दाट उडालं आन् त्याला जाळ भेटला की पेटतं. या नळ्यांतून जाळच निघतोय."

"आमच्या घरच्या एवढ्या मिरवणुका झाल्या," मोहनराव म्हणाले, "आजवर एकाची मिशी पेटली न्हाई."

पण परवानगीवर सही तिची होती. शेवटी ठरलं, की जेसीबी दोराच्या मागं राहील आणि सगळ्या जीपा थांबून इंजिनं बंद झाल्याशिवाय हलणार नाही. सुरेखानं सगळ्या गड्यांना गोळा करून लाल झेंडा दाखवला. "हा वर गेला की जाग्यावर थांबायचं. थांबला न्हाई तो बाद. मग तो कुणाचाबी असो." विजयसिंहानं मान डोलावली. मोहनरावांनी घड्याळाकडं पाहिलं.

आणि मंडळी, शर्यत सुटली.

काय सांगू. पहिल्याच वळणावर धूळ अशी उठली की अंबाजोगाईत लोकांनी कपडे वाळत घातलेले काढले. त्या धुळीतून आधी विजयसिंहाची जीप बाहेर पडली, मग तिचा आवाज बाहेर पडला. तिच्या मागं सत्यमची. सत्यम शिरूरचाच, गॅरेजवाला, त्यानं भंगारातून जीप उभी केलेली. तिचे दोन दिवे दोन वेगळ्या गावांकडं बघायचे, पण पळायची अशी की विजयसिंहाच्या मागच्या चाकाला हुंगत होती. मी माईकवर बोलत होतो का ओरडत होतो, मला आठवत नाही. दुसरी फेरी, तिसरी फेरी. एका जीपचं चाक निखळलं आणि ते चाक एकटंच पुढची अर्धी फेरी धावलं. मी त्याचंही वर्णन केलं. लोकांनी चाकाला टाळ्या दिल्या. एक जीप टायरांच्या भिंतीत घुसली, भिंतीनं तिला उशीसारखं झेललं आणि आतला गडी शिव्या देत चालत बाहेर आला. लोक म्हणाले, बाई म्हणते त्यात काहीतरी आहे.

शेवटची फेरी लागली. विजयसिंह पुढं, चांगला बैलगाडीभर पुढं. लोक उड्या मारायला लागले, पिशव्यांतला गुलाल आपापल्या अंगावर उडवायला लागले. आणि इथं घोळ झाला.

आमच्याकडं मतमोजणीला काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. शेवटची पेटी उघडायची असते, निकाल सांगायचा असतो, पण आपला माणूस पुढं आहे एवढं कळलं की बाहेर गुलाल उडालेला असतो. निकालाची वाट बघत बसणं हा आमच्याकडं उमेदवाराचा अपमान. गहिनीनाथानं जन्मभर मोहनरावांच्या प्रत्येक निवडणुकीत हेच केलेलं. विजयसिंह पुढं दिसला आणि गड्याचा हात आपोआप दांड्यावर गेला. जेसीबी दोर ओढत, तोडत, थेट रेषेपाशी आला. खोरा आकाशात.

"गहिनी, मागं घे," मी माईकवर म्हणालो. माझा आवाज त्याला ऐकू गेला नसावा, कारण त्यानं मला हात करून नमस्कार केला.

सुरेखानं लाल झेंडा वर केला. सत्यमनं तो पाहिला आणि ब्रेकवर उभाच राहिला. मागच्या सगळ्या जीपा थांबल्या. विजयसिंहानंही पाहिला. पण समोर बापाचा जेसीबी, वर गुलाल, पलीकडं निम्मा जिल्हा. त्यानं पाय उचलला नाही.

जीप रेषेवर आली आणि खोरा पालथा झाला.

आधी सगळं गुलाबी झालं. मग त्या गुलाबीच्या आत काहीतरी केशरी हललं आणि भप्प असा आवाज आला, जसा चुलीत रॉकेल ओतल्यावर येतो, पण चूल धरणाएवढी. जाळाचा गोळा आकाशात गेला. वरून चाललेल्या घारीनं दिशा बदलली. विजयसिंहाला पुढचं काही दिसेना. जीप तिरपी झाली, टायरांच्या भिंतीवर चढली, उलटली आणि चारी चाकं वर करून पडली. मागून पेट्रोलचा ओघळ, आणि ओघळामागं पळणारा जाळ.

मोहनराव माझ्या शेजारी उभे होते. त्यांच्या तोंडून फक्त "विजू" एवढंच निघालं.

आणि लोक पळाले. कुठं? जीपकडंच. पटाची सवय. हजारो माणसं, तुटलेल्या दोरातून, सुरेखाच्या वाटेवर. ती आणि तिची माणसं सिलिंडर घेऊन धावत होती, आणि पुढं पाठीच पाठी. ती माझ्याकडं वळून ओरडली, "आबा, यांना थांबवा."

थांबा म्हणून ही माणसं कधी थांबली आहेत का? खरं बोलून तर कधीच नाही. मी माईक तोंडाला लावला आणि शांतपणे, रेडिओवर बाजारभाव सांगतात तसं म्हणालो:

"ज्यांच्या ज्यांच्या अंगावर गुलाल हाय त्यांना कळावं. गुलाल पेटतो हे आत्ताच आपण पाहिलं. पळताना मांडीला मांडी घासली की ठिणगी पडते. पुढच्या गावात परवा एकजण असाच धोतरासकट गेला. ज्याला घरी जायचंय त्यानं हात अंगापासून लांब धरून, पाय फाकवून, हाय तिथं उभं राहावं."

अंगावर गुलाल नाही असा माणूस त्या मैदानात नव्हता. सगळा जमाव जागच्या जागी थिजला. हजारो माणसं दोन्ही हात पसरून, पाय फाकवून उभी. शेतातली बुजगावणी सभेला आल्यासारखी. "मधून वाट द्या, पण घासू नका," मी म्हणालो, आणि ती बुजगावणी इंचाइंचानं बाजूला सरकली. मधोमध सरळ वाट उघडली.

सुरेखा त्या वाटेतून गेली. तिच्या दोघा माणसांनी पांढऱ्या भुकटीचे फवारे मारले. ती पोटावर पडून पिंजऱ्यात शिरली. मी या पट्ट्यात खूप काही बघितलंय आणि त्याहून जास्त सांगितलंय, पण तेवढा वेळ मी माईक बंद ठेवला. धुरात तिनं सीटचा पट्टा कापल्याचं दिसलं. मग दोन पाय दिसले, मग विजयसिंह, मग त्याला बगलेत धरून मागं ओढणारी ती. दोघं अॅम्ब्युलन्सपाशी पोचले आणि मागं जीपची टाकी फुटली.

विजयसिंहाच्या भुवया गेल्या, हाताला पोळलं, बाकी धडधाकट. स्ट्रेचरवर उठून बसला, डोक्यापासून बुटापर्यंत गुलाबी. मोहनराव आणि मी त्याच्यापुढं जाऊन उभे राहिलो. गहिनीनाथ जेसीबीच्या चाकाला टेकून रडत होता.

कुणीतरी जमावातून, हात पसरलेलेच ठेवून, विजयसिंहाचं नाव घ्यायला सुरुवात केली. रेषा तर त्यानंच आधी ओलांडली होती. नावाचा गजर वाढला. मोहनरावांनी माझ्या हातातला माईक घेतला. मला वाटलं, आता भाषण.

"विजू, लाल झेंडा दिसला होता का बे तुला?" त्यांनी माईकवरच विचारलं.

"दिसला होता, बापू."

"मग थांबला कावून न्हाईस?"

विजयसिंहानं जेसीबीकडं पाहिलं, मग बापाकडं. मोहनरावांनी मान खाली घातली, मग माईक तोंडाजवळ घेतला.

"पहिला नंबर सत्यमचा. आमचा गडी बाद. आन् सुरेखाताई सांगत न्हाई तवर कुणी जागचं हलायचं न्हाई. मीबी न्हाई."

माईक माझ्याकडं परत आला. उन्हात निम्मा जिल्हा हात पसरून उभा. पुढच्या रांगेतला एक म्हातारा, हात भरून आलेला, मला हळूच म्हणाला, "आबा, आता घासलं तर चालंल का?"

मी सुरेखाकडं पाहिलं. ती काळवंडलेल्या तोंडानं जळक्या जीपभोवती फिरत होती, कुठं निखारा राहिलाय का बघत. तिनं बोटानं थोडं थांबा अशी खूण केली, आणि मी माईकवर सांगितलं, "अजून न्हाई."