तीनदा पुसलेला ट्रान्झिस्टर

गेर्नोटने ती पारदर्शक पिशवी माझ्यासमोर टेबलावर आपटली. "हे बघ, अन्सगार. तुझ्या त्या सभ्य दुकानांना चार महिन्यांत मिळाले नाहीत. मला नऊ दिवसांत मिळाले."

पिशवीत चार ट्रान्झिस्टर होते, बोटाच्या पेराएवढे सुटे भाग. आमच्या रेडिओ क्लबचं डोंगरावरचं रिपीटर, म्हणजे आमचे संदेश पकडून दूरवर पोचवणारं यंत्र, जूनमध्ये वीज पडून जळलं होतं आणि त्याच्या शेवटच्या टप्प्याला हेच चार हवे होते. कारखान्याने ते बनवणं कधीच बंद केलं होतं. गेर्नोटने ते अशा एका ऑनलाइन बाजारातून आणले होते, जिथे कुणीही काहीही विकू शकतो. विक्रेत्याने 'नवे, अस्सल' असं लिहिलं होतं.

"यादीतून का नाही मागवलेस?" मी विचारलं.

"तुझ्या यादीची वाट पाहिली असती तर पुढच्या नाताळाला आले असते."

सगळे हसले. मीही हसलो. मी नेहमी हसतो, आणि घरी गेल्यावर का हसलो म्हणून स्वतःवर चिडतो.

यादीचं सांगायला हवं. पाच सेंटच्या रेझिस्टरवर सहा युरो टपाल भरणं कुणालाच पटत नाही, म्हणून आमच्या क्लबात महिन्यातून एकदा सगळ्यांची मिळून एकच ऑर्डर जाते. अकरा वर्षं ती यादी मी करतो. मला सर्किटातलं फारसं कळत नाही, मी गावाच्या वाचनालयात पस्तीस वर्षं कार्डं लावली. पण ऑर्डर क्रमांकाच्या शेवटचं एक अक्षर चुकलं की पायवाल्या भागाऐवजी मुंगीएवढा, बिनपायाचा भाग हातात येतो, आणि तसली अक्षरं वाचायला मला बरं जमतं. तिथे माझी गरज एवढीच. यादी गेली तर गुरुवारी अग्निशमन केंद्राच्या वरच्या क्लबच्या खोलीत जायला मला कारण उरणार नव्हतं. हे मला ठाऊक होतं आणि गेर्नोटलाही.

माझा नियम साधा आहे. कारखान्याने नेमलेल्या विक्रेत्याकडून घ्यायचं, नाहीतर देशातल्या एक-दोन जुन्या टपाली दुकानांकडून. इंग्लंडमधली दुकानं चांगली होती, पण आता पुडकं जकातीत अडकतं. आणि त्या खुल्या बाजारात पाऊलही टाकायचं नाही. गेर्नोटच्या मते हा नियम नसून भित्रेपणा आहे. असेलही.

क्लबात आलेला प्रत्येक भाग खणात जाण्याआधी माझ्याकडून तपासून जातो, ही आमची रीत. म्हणून मी पिशवी घरी नेली. खोट्या मालावरचा मूळ क्रमांक घासून वर नवा छापलेला असतो, आणि तो ॲसिटोनने निघतो. शनिवारी दुपारी स्वयंपाकघरातल्या खिडकीपाशी बसून कापसाच्या बोळ्याला ॲसिटोन लावलं आणि पहिल्या ट्रान्झिस्टरवरून फिरवलं. वरची अक्षरं निघून आली. खाली भिंगातून दुसराच एक क्रमांक दिसला, पुसट, पण दिसला.

इथे थांबायला हवं होतं. कुणीही थांबला असता. पण मला वाटलं, आपले डोळे म्हातारे झालेत, सावलीच असेल. खात्री करायला पुन्हा पुसलं. मग पुन्हा. तिसऱ्यांदा पुसल्यावर काहीच उरलं नाही, नुसती राखाडी गुळगुळीत पाठ.

पुढच्या गुरुवारी मी तो सगळ्यांसमोर ठेवला आणि झालं ते सांगितलं. बोलताना माझा आवाज बारीक होतो.

"थांब, थांब," गेर्नोट म्हणाला. "खाली दुसरा नंबर होता. आणि तो आता कुठाय?"

"पुसला गेला."

"कुणी पुसला?"

"मीच."

खोलीत असा काही हशा पिकला की अध्यक्ष ओटमारला केकची बशी खाली ठेवावी लागली.

"अरे, ॲसिटोनने जुनी शाई जातेच!" गेर्नोट ओरडला. "अस्सल मालाचीसुद्धा जाते! याला कुणी बाटली दिली हातात? एक ट्रान्झिस्टर वाया घालवला, आता विक्रेता परतही घेणार नाही. ओटमार, यादी याच्याकडून काढून घे. आज, आत्ता."

"अन्सगार, तुला काही म्हणायचंय?" ओटमारने विचारलं. त्याच्या सुरावरून त्याचं ठरलेलं दिसत होतं.

"दुसरा पुसू या," मी म्हणालो. "इथे. सगळ्यांसमोर."

गेर्नोटने पिशवीवर हात ठेवला. "हात लावून बघ."

रोझविथा आमच्यात एकटी बाई. टीव्हीच्या कारखान्यात वीस वर्षं सुट्या भागांना कथलाचे डाग देत होती. ती म्हणाली, "का रे गेर्नोट, अस्सल आहेत ना? मग पोटात का दुखतंय?"

त्याने हात काढला. मी दुसरा पुसला. शाई जरा फिकट झाली, पण जागची हलली नाही. क्रमांक तोच, खाली काही नाही. अस्सल होता.

"घ्या!" गेर्नोट म्हणाला. "झालं समाधान? पस्तीस वर्षं पुस्तकांवरची धूळ पुसली, तीच सवय."

मला वाटलं, खरंच सावली असेल. आयुष्यात कितीदा तरी मी बरोबर असूनही माफी मागितलीय, एकदा आणखी मागितली तर काय बिघडतं? शब्द तोंडापर्यंत आलेही. पण गेर्नोट माझ्या खुर्चीकडे बघून हसत होता, जणू ती आत्ताच रिकामी झालीय. ते हसू पाहून माझ्यात काहीतरी कुजकं उठलं. मी तिसरा उचलला.

या वेळी एकदाच पुसलं आणि हात मागे घेतला. भिंगही उचललं नाही. ट्रान्झिस्टर तसाच रोझविथाकडे सरकवला.

तिने दिव्याखाली धरला. "वरचं गेलं. खाली घासल्याच्या रेघा आहेत," ती म्हणाली. "आणि नंबर." तिने एकेक आकडा वाचून दाखवला. "निम्म्या ताकदीचा आहे हा. बसवला असता तर पहिल्या मिनिटात फुटला असता. एखादा खरा मिसळायचा, बाकी खोटे. कारखान्यात आम्हीही असली पाकिटं पाहिलीत."

कुणी हसलं नाही. मी म्हणालो, "चौथाही पुसू का, गेर्नोट? की पोटात दुखतंय?"

हे मी म्हणायला नको होतं. पण म्हणताना फार बरं वाटलं, ते लपवत नाही.

गेर्नोटने कोट चढवला. आमच्या क्लबात आल्या दिवसापासून सगळे एकमेकांना अरेतुरे करतात, अगदी महापौर आला तरी. तो दारात वळून म्हणाला, "अभिनंदन, श्रीयुत वोलराब. तुमची यादी तुम्हाला लखलाभ." त्या आडनावाने आणि त्या 'तुम्ही'ने खोली गार पडली.

ओटमार घसा खाकरून म्हणाला की यादी अर्थातच माझ्याकडेच राहील. माझ्याकडे न बघताच म्हणाला. जे हसले होते त्यांच्यापैकी एकानेही माझ्याकडे पाहिलं नाही. चुकलो असतो तर त्यांनी मला महिन्याभरात माफ केलं असतं, एवढं मला त्या लोकांविषयी कळतं.

पुढच्या ऑर्डरच्या गुरुवारी मी यादीचा कागद नेहमीसारखा फिरवला. पूर्वी तीस-चाळीस ओळी भरायच्या. या वेळी प्रत्येकाने तो शेजाऱ्याकडे सरकवला. काहीच नको होतं कुणाला. कोपऱ्यात गेर्नोटच्या फोनभोवती पाच जण वाकून आपापलं सांगत होते आणि तो टिपून घेत होता.

"त्याच बाजारातून?" मी रोझविथाला हळूच विचारलं.

"त्याच," ती म्हणाली. "स्वस्त पडतं म्हणे." तिने कागद ओढून घेतला, दहा रेझिस्टर लिहिले आणि पेन टोपणात घातलं.

दहा रेझिस्टर म्हणजे पन्नास सेंट. टपाल सहा युरो. मी घरी येऊन ऑर्डर क्रमांक दोनदा तपासला आणि ऑर्डर पाठवली.