मेढीपासून लांबचा बैल

मोऱ्या खळ्यात तिसऱ्यांदा थांबला, तसे मधल्या मेढीच्या खांबापाशी उभे असलेले उकंडराव खेकसले, "झालं! हा बैल थकला आता. उद्या मालेगावच्या बजारात नेतोच याले."

बहात्तरच्या दुष्काळात लोकांची गुरं पटापट गेली, तेव्हा रानोमाळ हिंडून, पाला ओरबाडून त्यांच्या बायकोने, दुर्गाबाईने, या मोऱ्याला जगवलं होतं. त्या गोष्टीला दोन वर्षंही झाली नव्हती. आणि आता तो म्हातारा ठरला, कारण त्याच दोरीतला शेजारच्या रंगरावांचा बैल अजून ताजातवाना होता.

सावडीने, म्हणजे कामाच्या फेडाफेडीवर, आणलेला बैल मेढीजवळ बांधायचा, ही उकंडरावांची रीत. परक्याच्या जनावराला काही झालं तर गावात तोंड दाखवायला जागा राहत नाही. म्हणून मधल्या खांबाशी रंगरावांचा बैल, बाहेरच्या टोकाला घरचा मोऱ्या, आणि त्याच्या बाजूने काठी घेऊन दुर्गाबाई, सकाळपासून गोल गोल. उकंडराव मध्ये उभे राहून कणसं सारायचे आणि हुकूम सोडायचे. दुसरं काम त्यांना जास्त चांगलं जमायचं.

"त्यो थकत नाही, मंग हाच काहून थकते?" ते म्हणाले. "फेरे तं दोघाचे बरोबरच झाले!"

दुर्गाबाईच्या पायांचे तुकडे पडले होते. बोलायचाही कंटाळा आला होता. पण बाजार उद्यावर होता. तिने आतल्या बैलाच्या वाटेने पावलं मोजत एक फेरा घातला, मग बाहेरून एक.

"आतून बारा पावलं, बाहेरून पंचवीस," ती म्हणाली. "एका दोरीत बांधले, म्हणून फेरा संगंच पुरा होते. पण त्याचे बारा होईस्तोर याले पंचवीस टाका लागते, अन् तेबी घाईघाईनं."

"कायबी सांगतं! खळं एकच, दोरी एकच."

"मंग या, माह्या जागी चाला."

उकंडराव हसत काठी घेऊन निघाले. दुर्गाबाई मेढीला पाठ टेकून उभी राहिली. पाचव्या फेऱ्याला त्यांचं हसू थांबलं. दहाव्याला त्यांनी मुंडासं सोडून घाम पुसला. पंधराव्याला मोऱ्याच्या पाठीवर हात ठेवून ते उभेच राहिले.

मग दोर सोडून त्यांनी मोऱ्याला मेढीजवळ बांधलं आणि रंगरावांच्या बैलाला बाहेर.

"ऱ्हाऊ दे बजार," ते म्हणाले. "सकाळपासून बिचारा दुप्पट चालून राह्यला होता. मुकं जनावर. सांगंन कसं?"

त्यांनी मोऱ्याची मान खाजवली, काठी दुर्गाबाईच्या हातात दिली आणि पुन्हा आपल्या जागी जाऊन उभे राहिले.

मोऱ्या वाचला म्हणून दुर्गाबाईला अगदी मनापासून बरं वाटलं. आणि अठरा वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच तिला बैलाचा हेवा वाटला.

"चाल वं," मेढीपासून उकंडराव म्हणाले.

ती बाहेरच्या बाजूने चालू लागली.