बाकावरचा टॉवेल

"सोपानराव, मशीन थांबवा जरा," कन्हैयालालशेठ म्हणाले. "चष्मा लावा अन् हे बघा. आमी जाहिरात दिली तरी पेपरवाले आमचा फोटो छापत न्हाईत, अन् तुमच्या घरचा फुकटात छापलाय."

जुन्नरच्या पेठेत शेठच्या कापडदुकानाच्या ओट्यावर मी सव्वीस वर्षं शिवणकाम करतोय. पेपर पुण्याचा होता. त्यात एक काळापांढरा फोटो. रस्त्याकडेचा सिमेंटचा बाक, त्याच्या एका टोकाला बसलेली बाई, मागे गाड्यांची गर्दी. बाईचं तोंड अर्धं वळलेलं. खाली लिहिलं होतं, 'एकटी. पुण्यात भरलेल्या छायाचित्र प्रदर्शनातून.'

"आमच्या घरची उगमबाई म्हणती, द्रौपदावहिनीच हायेत," शेठ हळू आवाजात म्हणाले. "मी म्हटलं, पुण्यात बाया काय कमी हायेत का?"

तोंड मी नंतर बघितलं. आधी बाही बघितली. छातीच्या ऑपरेशननंतर द्रौपदाचा डावा दंड सुजायचा, म्हणून तिच्या ब्लाऊजची ती बाही मी दोन बोटं सैल शिवायचो.

"तीच हाय," मी म्हणालो. "पण एकटी कुठं व्हती? मी व्हतो की बरोबर."

हे २००६ सालचं. द्रौपदाला जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. त्याआधी दोन वर्षं दर तीन आठवड्यांनी आम्ही पहाटेच्या एसटीने पुण्याला दवाखान्यात जायचो. एकही खेप मी चुकवली नाही. मी शिवायचो, ती काज-बटणं करायची, असा आमचा संसार. आणि पेपरात छापलं काय, तर एकटी. शुक्रवारी मशीनवर कापड टाकलं आणि पुण्याला गेलो. ते नाव बदलून घ्यायचं होतं.

हॉल मोठा होता. सगळे फोटो पुण्यातल्या एकट्या माणसांचे. गेटवर बसलेला वॉचमन, चौथ्या मजल्यावरच्या खिडकीतला म्हातारा, बंद दुकानापुढे डबा खाणारी पोरगी. द्रौपदाचा फोटो दाराएवढा मोठा केला होता. फोटो काढणारी मुलगी तिथेच होती. कल्याणी तिचं नाव, वय पंचवीसच्या आसपास.

"ताई, हे नाव बदला," मी म्हणालो. "ही माझी मालकीण. आता न्हाई ती. पण ही एकटी नव्हती."

ती गडबडली. आधी माफी मागितली. तेव्हाच त्यांना विचारायला हवं होतं, म्हणाली.

मी फोटोतल्या बाकाच्या मोकळ्या टोकावर बोट ठेवलं. "हे काय हाय?"

"टॉवेल. कुणीतरी विसरून गेलं असं मला वाटलं. खरं तर त्याच्यामुळेच मला हा फोटो काढावासा वाटला."

"विसरलेला न्हाई, माझा हाय. एसटीत रुमाल टाकून जागा धरत्यात ना, तशी तिनं माझी जागा धरलीय. तुमी पुण्याची माणसं. तुमाला वाटलं, पडलाय."

ती हसली नाही. "तुम्ही कुठे होता काका?"

"रिपोर्ट आणाया गेलो व्हतो आत. पाच मिनटं."

कल्याणी म्हणाली, "मी समोरच्या पायरीवर पाऊण तास बसले होते. सगळी फिल्म संपली. या, दाखवते."

तिने टेबलावर एक कागद ठेवला आणि हातात भिंग दिलं. एकाच कागदावर छत्तीस छोटे फोटो. एकात एक माणूस बसायला आलाय आणि द्रौपदाने टॉवेलवर हात ठेवलाय. एकात कडेवर लेकरू घेतलेली बाई आहे. तिच्यासाठी द्रौपदा स्वतः उठून उभी राहिलीय, टॉवेल तसाच. ती बाई गेल्यावर पुन्हा बसलीय. त्यानंतरच्या सगळ्या फोटोंत ती दवाखान्याच्या गेटकडे बघतेय.

मी एकाही फोटोत नव्हतो.

रिपोर्ट पाच मिनिटांतच मिळाला होता. डॉक्टर म्हणाले, आता औषधाचा उपयोग नाही, घरी न्या. मी मागच्या जिन्याखाली जाऊन बसलो. तिला तोंड कसं दाखवायचं ते कळेना. बाहेर आलो तेव्हा तिने विचारलं, "लई गर्दी व्हती का?" मी व्हय म्हणालो. तिने टॉवेल उचलला, झटकला आणि माझ्या हातात दिला.

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. कल्याणीलाही सांगितलं नाही.

"नवी पाटी करते मी," ती म्हणाली. "काय लिहू?"

"नगं. हीच राहू द्या."

"अहो, पण तुम्हीच म्हणालात..."

"बरोबर हाय ते नाव," मी म्हणालो.

कल्याणी चहा सांगते म्हणाली आणि गेली. मी फोटोजवळ जाऊन उभा राहिलो. एवढी मोठी द्रौपदा मी कधी बघितली नव्हती. तेवढ्यात एक बाई आल्या. त्यांनी पाटी वाचली, फोटो बघितला, पर्समधून छोटा कॅमेरा काढला आणि डोळ्याला लावला.

"काका, जरा बाजूला होता का?"

मी बाजूला झालो.