भुलाबाईले पोरगी लागते

मले आठवा महिना लागला अन् आमच्या गल्लीतल्या बायांनी मनानंच ठरवून टाकलं का सुरभीनं आता दिवसभर पाय लांबवून बसाचं. एक म्हणे, "वावराकडच्या पांदणीनं जाऊ नको व बाई." दुसरी म्हणे, "उन्हात निघू नको." अव, पोट माहं, पाय माहे, तुमचं काय दुखून राह्यलं? दवाखान्यातल्या मॅडमनं रोज चालायले सांगतलं हाय, हे एकच वाक्य मी साऱ्यांच्या तोंडावर मारत होती. मॅडमनं अर्धा तास सांगतलं होतं. मी दोन तास फिरत होती, ते गोष्ट वेगळी.

अन् फिराचे दिवसच होते ते. अश्विन लागला का आमच्या राळेगावाकडं पाऊस जाते, चिखल वाळते, अन् थंडी अजून यवतमाळच्या पलीकडंच असते. सोयाबीन पिवळं पडलेलं, पऱ्हाटीले पहिली पहिली बोंडं फुटलेली, धुऱ्यावर सीताफळांचे डोळे उघडलेले. घरवाले सोंगणीच्या घाईत, सकाळी गेले का दिवे लागल्यावर येत. सासूबाई दुपारी झोपत. चार वाजले का मी चपला घालत होती, अन् माह्या चपलांचा आवाज आला का माहे दोन्ही पोट्टे कुठी असतीन तठून धावत येत.

मोठा ऋतिक सात वर्षांचा. मोठा शहाणा, हातात काडी घेऊन पुढं पुढं चालणार अन् साप हाय का ते पाहणार. साप कधी दिसला नाही, पण काडी दर वेळी नवी. लहाना नयन चार वर्षांचा. तो अर्ध्या रस्त्यात फतकल मारून बसणार, चड्डीत घुसलेले कुसळं उपटणार अन् म्हणणार, "आई, घे." आता कडेवर घ्यायले मले कड तं राह्यली पाहिजे. मंग मी त्याले एक सीताफळ देत होती, ते खाऊन होईपर्यंत तो चाले. त्याच्या बिया तो एक एक करून ऋतिकच्या पाठीवर थुंके, अन् मी न पाहिल्यासारखं करत होती. सांगते तुमाले, त्या पंधरा दिवसांत मी जेवढी हासली तेवढी लग्न झाल्यापासून हासली नसंन.

चालता चालता मी गात होती. मोठ्यानं नाही, आपली आतल्या आत, हात पोटावर ठेवून. माह्या मनात पोरगीच होती. तोंडानं कोणाले म्हटलं नाही, पण पोटाले सांगत होती, "ऐक व माय, हे तुह्या आजीचं गाणं हाय."

आता गाण्याचं सांगा लागते. आमच्याकडं भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत पोट्ट्या भुलाबाई बसवते. मातीची भुलाबाई, बाजूले तिचा भुलोजी. संध्याकाळी साऱ्या पोट्ट्या जमून गाणे म्हणते, अन् मंग डब्यात झाकलेला खाऊ ओळखाचा. भुलाबाई म्हणजे माहेरी आलेली लेक. म्हणून ज्या घरी पोरगी, त्या घरी भुलाबाई. माह्या सासरी दोन पिढ्यांपासून पोरगी नाही, अन् सासूबाईंचा नियम पक्का, का सुनेनं सासरी भुलाबाई बसवाची नसते. नऊ वर्षं मी दारात उभी राहून दुसऱ्यांच्या ओट्यावरचे गाणे ऐकले.

माह्या मायले, मारेगावले, गल्लीत कोणाले येत नव्हते एवढे गाणे येत. एकात भुलाबाई चपला हातात घेऊन नाला ओलांडते अन् मासोळ्या तिच्याशी भांडते. एकात ती नवऱ्याले न सांगता माहेरी निघते अन् नवरा सारं गाव धुंडून शेवटी त्याच्याच सासूच्या चुलीजवळ जेवत बसलेला भेटते. माय तीन वर्षांखाली गेली. ते गाणे माह्याजवळ राह्यले, अन् द्यायले पोरगी नाही. हे एकच माह्या जीवाले लागलं होतं, रोज लागत होतं.

कोजागिरीच्या दोन दिवस आधी आम्ही नाल्याकडं गेलो. पोट्ट्यांनी काळी माती खोदली अन् माहा पदर भरून टाकला. ऋतिकनं तठीच बसून एक बाई केली, टिकली म्हणून पळसाचं बी लावलं. नयननं तिचा नवरा केला. त्याले नाक नव्हतं, पण मिशी होती. "हे भुलाबाई हाय," ऋतिक म्हणाला. मी म्हटलं, "बरं हाय, बाप्पा." लेकराचा खेळ समजली मी.

येता येता जब्बारभाऊंचं वावर लागते. सडकेवर त्यांचं गाड्या दुरुस्तीचं दुकान हाय, पण म्हशींच्या चाऱ्यासाठी ते अर्ध्या एकरात जवारी पेरते. आता आमच्या भागात जवारी दिसत नाही. रानडुकरं ठेवतच नाही, म्हणून सारे सोयाबीन नाहीतर पऱ्हाटी. ऋतिक सरळ धुऱ्यावर उभा राह्यला अन् म्हणाला, "चाचा, पाच धांडे पाहिजे. कोजागिरीले आमच्या घरी भुलाबाई हाय."

जवारीच्या पाच धांड्यांचं मखर बांधून त्यात भुलाबाई बसवते, हे जब्बारभाऊंले बी माहीत. त्यांनी पाचाच्या जागी सात कापले. "ले जा बेटा. दो टूट गए तो?" मंग माह्याकडं पाहून म्हणे, "पण बेटी, तुह्या घरी तं पोरगी नाही ना?"

"माही बहीण येऊन राह्यली," ऋतिक म्हणाला.

अन् मी मूर्ख, मी हासली. तठीच त्याले थांबवाचं, तं हासली. काहून का तो बोलला ते मले आवडलं. माह्या मनातली गोष्ट कोणीतरी मोठ्यानं म्हटली, एवढंच मले ऐकू आलं. सात धांडे खांद्यावर घेऊन ऋतिक पुढं, मातीचा नवरा हातात घेऊन नयन मागं, अन् मधात मी पोट घेऊन, अशी आमची वरात घरी आली.

कोजागिरीच्या दिवशी सकाळी दिपालीताई आली. ती आमच्या गावची आशा सेविका, माह्या गोळ्या-इंजेक्शनांचा हिशोब तिच्याजवळ. रोज हासत येणारी बाई, आज खुर्चीच्या काठावर बसली. "वहिनी, रागवू नका. गल्लीत बोलून राह्यले का तुमाले पोरगी हाय. तुमाले कोणी सांगतलं? कुठी तपासणी केली असंन तं मले वर कळवा लागते."

माह्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, "दिपालीताई, ज्याले तसली तपासणी कराची असते, तो पोरगी हाय म्हणून गल्लीभर बोंबलत नाही फिरत. एवढी अक्कल वापरा."

तिले पटलं ते. पण ती म्हणे, "तुमचा ऋतिक सांगत होता. दवाखान्यात सांगतलं म्हणे. त्या टोकावरच्या निशिगंधाले सांगतलं, तिनं मायले सांगतलं, अन् मंग तुमाले गाव माहीतच हाय." चहा पिऊन गेली बिचारी. तिचं काम होतं, तिनं केलं.

मी ऋतिकले समोर उभं केलं. "दवाखान्यात कोणी सांगतलं तुले?"

त्यानं हातातली काडी पाठीमागं लपवली.

"कोणी सांगतलं, म्हटलं."

"कोणीच नाही."

"मंग काहून सांगतलं?"

"निशिगंधा म्हणे, पोरगी असल्याशिवाय आम्ही येत नाही गाणे म्हणायले."

मी कपाळावर हात मारला. त्याले जवळ बसवून सांगतलं, का पोटात काय हाय ते कोणालेच माहीत नसते, कोणी सांगाचं बी नसते अन् विचाराचं बी नसते. पोरगी हाय असं कळलं का लोक पोटातच तिचा जीव घेते, म्हणून तसा कायदा हाय. तो ऐकत होता. मंग मी म्हटलं, "जा, अन् निशिगंधाले खरं सांगून ये. भुलाबाई नाही बसली तरी चालंन. खोट्यावर नाही बसवाची."

सासूबाई आतून म्हणे, "जाऊ दे ना व, लेकरू हाय ते." मी ऐकलं नाही. ऋतिक रडला नाही, भांडला नाही. चपला घातल्या अन् गेला. त्या सात धांड्यांजवळून गेला, तं त्याच्याकडं पाहवलं नाही माह्यानं.

मले घरात चैन पडंना. नयनचं बोट धरून मी मागंच निघाली. निशिगंधाचं घर गल्लीच्या टोकाले, ओट्याच्या बाजूले मेंदीचं कुंपण. अकरा वर्षांची हाय ती, पण गल्लीतल्या साऱ्या पोट्ट्या तिच्या शब्दात. चार-पाच जणी बसल्याच होत्या. मी कुंपणाच्या अलीकडं थांबली. चोरून ऐकणं वाईट, माहीत हाय मले. तरी थांबली.

"मी खोटं सांगतलं होतं," ऋतिक म्हणाला. "बहीण हाय का भाऊ, कोणाले माहीत नाही. आईले बी नाही."

निशिगंधा म्हणे, "मंग तुमच्या घरी कशी बसंन भुलाबाई? भुलाबाईले पोरगी लागते."

"मले नाही पाहिजे भुलाबाई."

"मंग कायले एवढं सांगत फिरला?"

"आईले पाहिजे ना. तिले लय गाणे येते. तिच्या आईचे. पण तिच्याजवळ पोरगी नाही, म्हणून ते पोटाले सांगते. आमाले नाही सांगत."

मेंदीच्या कुंपणाले हात धरून मी उभी राह्यली. काय सांगू कसं झालं मले. पंधरा दिवस रोज पांदणीनं ते लेकरू माह्यापुढं दोन पावलं चालत होतं, अन् मी त्याच्या डोक्यावरून पोटाले गाणं सांगत होती. लाज वाटली मले माही. सरळ लाज वाटली.

निशिगंधाले काय वाटलं कोणाले माहीत. ती म्हणे, "कोणते गाणे येते तुह्या आईले? आमाले माहीत असतीन सारे."

"मासोळ्यांचं माहीत हाय?"

नव्हतं माहीत. मारेगावचं गाणं, इथं कसं माहीत असंन? मंग ऋतिकनं ते म्हटलं. पहिले हळू, मंग धीर आल्यावर मोठ्यानं. चाल बरोबर. शब्द बरोबर. माय जिथं श्वास घेत होती अन् मी बी घेते, तिथंच त्यानं घेतला. एक कडवं मी स्वतः विसरली होती असं मले वाटत होतं, ते बी त्यानं म्हटलं, म्हणजे कधीतरी बेसावध असताना माह्या तोंडून निघालंच असंन. अन् इकडं माह्या बोटाले धरलेला नयन प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द म्हणून राह्यला. त्याचा आवाज ऐकून साऱ्यांनी वळून पायलं, अन् मी सापडली.

निशिगंधा उठून कुंपणापर्यंत आली. मोठ्या बाईसारखे हात कमरेवर. "काकू, हे गाणं आमाले पाहिजे. संध्याकाळी येतो आम्ही साऱ्या."

म्हटलं, "अन् पोरगी?"

तिनं ऋतिककडं पायलं, जरा विचार केला. "ज्याले गाणे येते त्याच्या घरी बसवू यंदा. पण खाऊ चांगला पाहिजे."

घरी येऊन मी सासूबाईंले सारं सांगतलं. म्हटलं, तुमाले पटत नसंन तं सांगा. त्या उठल्या, अन् धांड्यांचे पाले साफ कराले बसल्या. वरतून मलेच म्हणे, "सुतळी आण, पाहत काय राह्यली?"

दिवे लागायच्या वेळेले ओट्यावर मखर उभं झालं. मधात पळसाची टिकली लावलेली भुलाबाई अन् बिननाकाचा भुलोजी. त्याले पाहून पोट्ट्या एवढ्या हासल्या का नयनले राग आला, अन् मंग त्याले बी हासू आलं. नऊ-दहा जणी होत्या. सासूबाईंनी शिंगाडे उकडून डब्यात झाकले होते. पोट्ट्यांनी बत्तासे सांगतले, लाडू सांगतले, चिवडा सांगतला, अन् वासावरून कोणालेच कळलं नाही, तं सासूबाई अशा खुश झाल्या जशा निवडणुकीत निवडून आल्या.

मंग निशिगंधा म्हणे, "काकू, आता तुम्ही सांगा."

माहा हात सवयीनं पोटाकडं गेला. ऋतिक समोरच बसला होता, धांड्याले टेकून. तो माह्या हाताकडं पाहून राह्यला होता.

मी हात उचलला अन् त्याले म्हटलं, "इकडं ये. नयन, तू बी ये. जवळ बसा. आज तुमाले सांगते."

"अन् बाळाले?" ऋतिकनं विचारलं.

"त्याले बी ऐकू येईनच. पण त्याचा नंबर तिसरा."